अठ्ठेचाळीस लेबलं

३ नोव्हेंबर, सोमवार

मी कडूबाई. बोलते मी, लिहिते माझी नात विशाखा. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं अक्षर सुरेख आहे असं सगळे म्हणतात. मला सगळ्यांची अक्षरं सारखीच दिसतात, म्हणून मी भांडत नाही. अट एकच घातली आहे, मी बोलेन तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. तिनं विचारलं, "आजी, आणि तू शिव्या दिल्यास तर?" म्हटलं, त्याबी लिही, फक्त शुद्ध लिही.

वही काढली त्याचं कारण सांगायला जीभ रेटत नाही. पण मनात ठेवून अन्न गोड लागेना. माझ्या हातून मोठी चूक झाली आहे, आणि तिच्यापायी माझ्या लेकाच्या नोकरीवर आलं आहे.

लेक म्हणजे राजकुमार, विशाखाचा बाप. शेंद्र्याला एका कंपनीत वीस वर्षं आहे. माल तपासायचं काम, सही त्याची. कंपनी व्हॉल बनवते. व्हॉल म्हणजे नळाची तोटीच, पण हत्तीनं पाणी प्यावं एवढी. त्यातले काही लांब कुठल्या अणुवीज केंद्रात जातात. प्रत्येक व्हॉलला एक कॉइल असते. पेरूएवढी तांब्याच्या तारेची गुंडाळी, वरून काळं कवच, मागं दोन वायरींची शेपटी. तिला वीज दिली की व्हॉल उघडतो.

गेल्या मे महिन्यात राजकुमारनं अशा कॉइली दोन गोण्या भरून घरी आणल्या. म्हणाला, "माय, कंपनीचं काम हाय. जुनं लेबल काढायचं, हे चांदीसारखं नवं लावायचं. असलं नाजूक काम तुझ्याबिगर कुणाला जमणार?" खोटं नव्हतं ते. मी स्टेशनजवळच्या एमआयडीसीत औषधाच्या कारखान्यात तीस वर्षं बाटल्या धुतल्या. खोबरेल तेल चोळायचं, घटकाभर उन्हात ठेवायचं, कोपरा नखानं उचलायचा. लेबल कांद्याच्या पापुद्र्यासारखं अख्खं निघतं. चार दिवसांत अठ्ठेचाळीस केली. राजकुमारनं हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "कंपनीतून निघाल्यासारखी वाटतात." मी आठवडाभर फुगले होते.

परवा कंपनीत पत्र आलं. केंद्रातल्या लोकांनी व्हॉल उघडले, तर सहा कॉइलींवर लेबल एक आणि आत माल भलताच. राजकुमार जेवला नाही. सून रूपानं भाकरी दोनदा गरम केली. शेवटी मीच विचारलं, "माझ्याकडून उलटंपालटं झालं का रे?"

त्यानं ताटाकडं बघत म्हटलं, "झालं असंल, माय."

वाचता येत नाही याची मला आजवर गंमत वाटत आली. बसचा नंबर विचारायला कुणाशीही बोलायला मिळतं. परवा पहिल्यांदा वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

५ नोव्हेंबर, बुधवार, पौर्णिमा

विहारात वंदनेला जायचं म्हणून पांढरं लुगडं काढायला पत्र्याची पेटी उघडली. झाकणाच्या आतून जुनी लेबलं चिकटवलेली आहेत. राजकुमारनं तेव्हा जाळून टाक म्हटलं होतं. मी व्हय म्हटलं आणि जाळली नाहीत. लिहिलेला कागद मी जाळत नाही. माझा बाप म्हणायचा, ज्याला वाचता येत नाय त्यानं फाडू तरी नये. त्याच्या कमरेला कापडात गुंडाळलेला एक कागद असायचा. तो कसला होता ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण अक्षर आपल्याला लई उशिरा मिळालंय, एवढं त्याला ठाऊक होतं.

तर एक कॉइल सोलली की तिचं लेबल झाकणाला, आणि त्याच कॉइलला कागदावरचं पुढचं नवं लेबल, अशी मी गेले. एका ओळीत आठ, अशा सहा ओळी. सगळी अक्षरं डोक्याची बाजू वर करून असावीत एवढंच मला वाटतं. विशाखा म्हणते, दोन उलटी आहेत. असू द्या.

पोरगी लेबलं बघत पेटीपुढं फतकल मारून बसली, आणि मोबाईलवर झाकणाचे फोटो काढायला लागली. मी पांढरं लुगडं नेसून उभी. म्हटलं, "बये, झाकणाला कुठं दाखवायचंय का? फोटो माझा काढ." हसली नाही. विहारात पंचशील म्हणताना तिचा आवाज मध्येच बंद झाला. सर्दी झाली असेल. थंडी पडायला लागली आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

कंपनीचे मालक काकासाहेब आज घरी आले. वीस वर्षांत पहिल्यांदा. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बोळात त्यांची गाडी शिरेना, म्हणून कोपऱ्यावर ठेवून चालत आले. सफरचंदं आणली. रूपानं चहा दिला, तो त्यांनी अर्धा घेतला. साखर जास्त झाली असेल.

म्हणाले, "मावशी, चूक माणसाकडूनच होते. दोन प्रकारच्या कॉइली तुमच्याकडं आल्या होत्या. सहाची अदलाबदल झाली. तुम्ही मुद्दाम थोडीच केली?"

"नाय हो मालक. पण दोन प्रकार होते का? मला तर एकाच आईची लेकरं दिसली."

"तेच तर. तुम्हाला कळायला मार्ग नव्हता." मग राजकुमारकडं बघून म्हणाले, "मंगळवारी, अठराला, केंद्राच्या मॅडम चौकशीला येणार आहेत. मावशींनी एवढं बयान द्यावं आणि अंगठा लावावा. सहा कॉइली आपण बदलून देऊ, विषय मिटला."

मी विचारलं, "मला काय करतील?"

"तुम्हाला? या वयात? हात जोडतील."

मी होय म्हटलं. खरं सांगते, जिवाला बरं वाटलं. चूक माझी आणि ती मीच निस्तरणार. लेकाच्या सहीवर डाग नको. राजकुमार सगळा वेळ दाराच्या कडीशी चाळा करत होता. मालक गेल्यावर त्याला म्हटलं, "आता तरी जेव." तो मोरीत जाऊन तोंड धूत राहिला.

इथं विशाखानं पेन ठेवला आणि उठून गेली. ही शेवटची ओळ तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिली, तीही नाक ओढत. सर्दी अजून आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बोळात बातमी पसरली. समोरची भामाबाई भाजीच्या गाड्यापाशी सगळ्यांदेखत म्हणाली, "कडूबाई, तुम्ही म्हणं अणुबाँब नासवला?" एरवी मी तिला अशी धरली असती की तिच्या सासरच्यांना उचकी लागली असती. आज नुसती मेथीची जुडी घेतली आणि घरी आले. घरी आल्यावर कळलं, ती मेथी नव्हतीच, शेपू होती.

ओट्यावर बसायचं बंद केलं आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज विशाखा कॉलेजातून लवकर आली. राजकुमार कामावर, रूपा दळण आणायला गेलेली. माझ्यापुढं बसून म्हणाली, "आजी, तू अंगठा लावू नको."

"का गं?"

"तू चुकलीच नाहीस."

तिनं पेटी उघडून सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. कॉइली दोन जातीच्या असतात. एक साधी, साखर कारखान्यात, डेअरीत वगैरे चालणारी. दुसरी अणुवीज केंद्रासाठी. ती भट्टीत भाजतात, वाफेत कोंडतात, तिच्यावर किरणं सोडतात, आणि तरी जी टिकते तिच्यावर तपासल्याचं लेबल लागतं. त्याला महिने लागतात. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी, एकाच साच्यातल्या. पोरीनं झाकणावरचा नंबर न् नंबर कॉइल बनवणाऱ्याच्या मोबाईलवरच्या यादीशी ताडून पाहिला. झाकणावरची अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस लेबलं साध्या कॉइलींची आहेत. माझ्याकडं दोन प्रकार आलेच नव्हते.

"आणि मी लावली ती?"

"तपासलेल्याची. केंद्रात दुसरी घेतच नाहीत."

मी म्हटलं, "आणि साधी असली तर बिघडतं काय?"

"कुकर असतो ना आपला. वाफ कोंडली की शिट्टी उडते. तसा तिथं हा व्हॉल असतो. तिथं गडबड होऊन सगळं तापलं, तर त्याच वेळी तो उघडायला पाहिजे. आणि साधी कॉइल नेमकी तेव्हाच वितळंल. सहा सापडल्यात. बेचाळीस अजून कुठंतरी बसल्यात, आजी. तू अंगठा दिलास की त्या कुणी शोधणार नाही."

जे झालं ते सांगते, लपवून काय करू. पहिल्यांदा मला आनंद झाला. चुकले नव्हते मी! एकही लेबल इकडचं तिकडं नाही. भामाबाईच्या दारात जाऊन सांगावं असं वाटलं. पाच-दहा श्वास तो आनंद टिकला असेल. मग ध्यानात आलं, मी चुकले नाही तर मग कोण. त्या आनंदाची एवढी शरम वाटली की पोरीला म्हटलं, तू जरा बाहेर जा.

ती गेली नाही. ती मघापासून रडत होती. सर्दी नव्हती तर.

१६ नोव्हेंबर, रविवार

राजकुमार घरी होता. रूपाला भाजीला पाठवलं, विशाखाला गच्चीवर. मग हे झालं. आठवतं तसं नंतर सांगितलं, तिनं लिहिलं.

मी म्हटलं, "राजकुमार, साध्याच होत्या का सगळ्या?"

तो म्हणाला, "विशाखानं सांगितलं?"

"झाकणानं सांगितलं. मी जाळली नव्हती."

त्यानं कपाळावर हात मारला. "माय, तू बी ना! जाळ म्हटलं होतं."

"मग आता जाळू?"

तो उठून पेटीपर्यंत गेला. हात लावला नाही. परत येऊन बसला. म्हणाला, "माल अडकला होता. तपासलेल्या कॉइली येईनात. मालक म्हणाले, ते व्हॉल वर्षानुवर्षं बंदच असतात, उघडायची वेळच येत नाय."

"मग लावतात कशाला?"

"तसं नसतं गं."

"कसं असतं? मी अडाणी, मला समजावून सांग."

माझा राजकुमार लहानपणी खोटं बोलला की उजवा कान चोळायचा. आज चोळला नाही. आता सवय झाली असेल.

मग एकदम माझ्या गुडघ्याला हात लावून म्हणाला, "माय, तू अंगठा दे. तुला कुणी काय करणार नाय. मला आत टाकतील. पोरीचं शिक्षण राहंल. विशाखाच्या लग्नाला कोण उभं राहील? तुझी एक चूक मानली तर काय जातं तुझं?"

आणि खरंच, काय जातं माझं? लेकासाठी मी याहून खालचं काम केलं आहे. त्याला आयटीआयला घालताना माझ्या कारखान्याच्या साहेबाच्या घरची संडासं धुतली, ते त्याला अजून ठाऊक नाही. आता विशाखाच्या वहीतून कळेल. कळू दे.

एक गोष्ट त्याला विचारायची होती. तोंडाशी आली होती. विचारली नाही. म्हटलं, उत्तर आलं तर?

रात्रीची भाकरी रूपानं केली, कुणी खाल्ली नाही. तिला काहीच माहीत नाही, बिचारी तिच्या हाताला दोष देत होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हे आजच लिहून घेते. उद्यापर्यंत माझं मन मला शहाणं ठरवायला लागेल.

सकाळी काकासाहेबांनी गाडी पाठवली. राजकुमार आधीच मोटारसायकलवर गेला होता. मी पेटीतली लुगडी काढून गादीवर ठेवली आणि ड्रायव्हरला म्हटलं, ही पेटी डिकीत घे. तो म्हणाला, "आजी, माहेराला चालल्या का?" म्हटलं, "व्हय बाबा. तू सोडून ये." विशाखा माझ्याशेजारी बसली. जालना रोडनं शेंद्र्यापर्यंत तिनं माझा हात धरला होता. तिचाच हात गार होता.

ऑफिसात केंद्राच्या मॅडम. चाळिशीच्या, केस पिकलेले, रंग लावलेला नाही. मला आवडल्या. काकासाहेब, राजकुमार, आणि एक टाईप करणारा. बयान तयारच होतं. त्यानं वाचलं, "घरकाम करणारी निरक्षर वृद्धा हिच्याकडून अनवधानाने..." अनवधान म्हणजे काय, मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, लक्ष नसताना.

त्यानं शाईची डबी पुढं सरकवली. राजकुमार माझ्याकडं बघत होता. गोवर आला होता तेव्हा असाच बघायचा, माय, पाणी.

मी अंगठा शाईत टेकवला. हेही लिही विशाखा. टेकवला. कागदापर्यंत नेलाही. मी ते करणार होते. पोरीला गाडीत काही सांगितलं नव्हतं, कारण घरून निघताना माझं काहीच ठरलेलं नव्हतं. पेटी घेतली होती आणि अंगठाही घेतला होता, दोन्ही बरोबर.

मग मॅडम सहज म्हणाल्या, "आजी, घाई नको. या व्हॉलजवळ माझी माणसं काम करतात, म्हणून विचारते. सहाच होत्या ना, नक्की?"

काकासाहेब म्हणाले, "सहाच."

मॅडम म्हणाल्या, "मी त्यांना विचारतेय."

माझं लक्ष नव्हतं असं कागदावर लिहिलं होतं. बाई, माझं सगळं लक्ष होतं. मी म्हटलं, "अठ्ठेचाळीस. एकबी लेबल चुकलं नाय. जे सांगितलं तेच केलं." आणि विशाखाला म्हटलं, पेटी आण.

मॅडमनी चष्मा बदलून झाकण वाचलं. नव्या लेबलांचा कागद एकच होता, नंबर एकापाठोपाठ, आणि सापडलेल्या सहांचे नंबर त्यांच्याकडं होतेच, त्यामुळे कुठल्या अठ्ठेचाळीस ते त्यांना तिथंच कळलं. त्यांनी लगेच फोन लावला आणि नंबर सांगत सुटल्या. आवाज चढला नव्हता, पण घाम आला होता. काकासाहेब म्हणाले, "ह्या बाईंचं वय झालंय, काय भरोसा?" तेव्हा मॅडमनी फोन बाजूला धरून राजकुमारला विचारलं, "तुमची सही आहे. आई म्हणतात ते खरं?"

राजकुमारनं शाईची डबी बंद केली.

"खरं हाय," राजकुमार म्हणाला.

एवढंच. माझ्याकडं न बघता. मला वाटलं होतं, खरं बोललं की छाती हलकी होते. तसलं काही नाही. मी माझ्या लेकाला चारचौघांत उघडा केला, आणि अंगठ्याची शाई पदराला पुसली. डाग जात नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मॅडमचा फोन विशाखाला आला होता. बेचाळीसपैकी एकतीस व्हॉलमध्ये बसलेल्या सापडल्या, बाकीच्या गोदामात. काढताहेत. तोवर तिथलं एक यंत्र बंद ठेवलं आहे. झाकण चौकशीसाठी ठेवून घेतलं, बिजागरी खोलून. पेटी आता उघडीच असते.

राजकुमारला कंपनीनं घरी बसवलं. पोलिसांत दोनदा जाऊन आला. काकासाहेबांनाही बोलावलं आहे, म्हणतात. रूपा माझ्याशी बोलते, पण "आत्या" म्हणत नाही. "जेवायला वाढलंय" एवढंच. तिची चूक नाही. भामाबाई आज येऊन वाटीभर शेंगदाण्याची चटणी ठेवून गेली, एक टोमणा न मारता. ते जास्त लागलं.

दुपारी राजकुमार माझ्यापुढं येऊन बसला. पाच दिवसांची दाढी. म्हणाला, "विशाखा म्हणते तू सगळं लिहून घेतलंय. ऐकव."

विशाखानं वाचलं. पहिल्या पानापासून. शेपूच्या जुडीला तो हसला, थोडासा. संडासाच्या ओळीला त्यानं डोळे मिटले. "एक गोष्ट विचारायची होती, विचारली नाही," हे आलं तेव्हा त्यानं हात करून तिला थांबवलं.

"माय, मला ठाऊक हाय तू काय विचारणार होतीस."

"मग मी नाय विचारत."

"कंपनीत लेबल लावणाऱ्या चार बाया हायत. तुझ्याहून तरण्या, हात चलाख. पण चौघींना वाचता येतं. तुला येत नाय म्हणून दिलं. हाताचं नुसतं बोललो होतो."

विशाखा वही मिटायला लागली. म्हटलं, लिही. बापाचं आहे म्हणून गाळू नको.

तिनं लिहिलं. मी तिला ते दोनदा वाचायला लावलं. राजकुमार मान खाली घालून बसलेला. त्याला म्हटलं, "वर बघ. अक्षर कळत नाय मला, तोंड कळतं."

त्यानं वर बघितलं. मग मलाच खाली बघावं लागलं.